लोणारच्या तळाचा चिवडा

"अखंड कसा? मिस्त्री, हा दगड अखंड कसा निघाला?"

भाटे साहेब ओरडत होते. लोणारच्या तळ्याकाठी, चिखलावर आम्ही खडी टाकून केलेल्या पायवाटेवर ते उभे होते आणि त्यांच्यासमोर माझ्या पंधरा लाकडी पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. लोणारचं तळं म्हणजे जमिनीत खोल बसवलेली परात, चहूबाजूंनी कडा. अशा ठिकाणी ओरडलेलं वाया जात नाही. साहेबांचा एक 'अखंड' समोरच्या कड्याकडे गेला आणि परत येताना सात झाला. झाडावरची माकडं काय झालं ते बघायला खाली उतरली. एरवी ती फक्त आमच्या जेवणाच्या वेळी उतरत.

मी हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून उभा होतो. स्वतःचं कौतुक ऐकताना माणूस उभा राहतो तसा. सरकारी बोरिंगच्या कामात मी बत्तीस वर्षं काढली, त्यातली तेव्हा चौदा झाली होती. दगड तुटका निघाला म्हणून माझ्यावर ओरडणारे साहेब मी डझनानं पाहिले होते. अखंड निघाला म्हणून ओरडणारा हा पहिलाच. पुण्याकडे शाबासकी अशीच देत असतील असं समजून मी म्हणालो, "तुमची कृपा, साहेब."

साहेब मटकन खाली बसले. खडीवरच. दिवाळी अंकाचे संपादक मला म्हणाले होते की नोकरीतला एखादा अभिमानाचा प्रसंग लिहा. हा तो प्रसंग नव्हे, पण सुरुवात इथूनच करावी लागते.

बोरिंग म्हटलं की लोकांना पाण्याचं बोरिंग आठवतं. तेही मी पुष्कळ केलं. वरवट बकालला खारपाणपट्ट्यात एक भोक मारलं. पाणी इतकं खारं लागलं की घरधनिणीनं वर्षभर भाजीत मीठ घातलं नाही, आणि तरीही पाहुणे म्हणत, मीठ जरा कमी टाकत जा. वडनेर भोलजीला एका शेताच्या बांधाजवळ मशीन लावलं, तर शेजारचा शेतकरी ओळंबा घेऊन आला आणि तीन दिवस तिथंच बसला. भोक तिरपं जाऊन त्याच्या जमिनीखालचं पाणी ओढेल अशी त्याला शंका. चौथ्या दिवशी त्यानं कबूल केलं की भोक सरळ आहे, पण पाणी तिरपं येत असणार. त्याच्याशी मी वाद घातला नाही. त्याच्या हातात ओळंबा होता, माझ्या हातात काहीच नव्हतं.

पण माझं खरं काम कोर काढण्याचं. ते असं. एक पोकळ नळी घ्यायची. तिच्या तोंडाशी लोखंडी कडं, आणि त्या कड्यात हिऱ्याचे बारीक कण बसवलेले. होय, हिरेच. माझ्या बायकोला लग्नानंतर सहा वर्षं आशा होती की मी त्यातला एक तरी घरी आणीन. ही नळी इंजिनानं फिरवत जमिनीत घालायची आणि वरून पाणी सोडत राहायचं, नाहीतर कडं तापून जळतं. नळी दगड गोल कापत जाते आणि नळीच्या पोटात दगडाचा दांडा शिल्लक राहतो, मुळ्यासारखा. तो दांडा म्हणजे कोर. नळी वर ओढून कोर लाकडी पेटीत मांडायचा आणि शेजारी लाकडाच्या ठोकळ्यावर लिहायचं, हा किती फुटांवरचा. धरण बांधायच्या आधी इंजिनिअर लोक या पेट्या बघतात आणि खालचा दगड धरणाचं वजन पेलेल की नाही ते ठरवतात.

आता दगड अखंड निघाला तर दगड चांगला. तुटका निघाला तर? तर मिस्त्री वाईट. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण आमच्या लाइनीत पक्कं होतं. लांब अखंड दांड्यांना आम्ही मुळे म्हणायचो आणि चुऱ्याला चिवडा. ज्याच्या पेटीत चिवडा जास्त, त्याची टिंगल कॅम्पा-कॅम्पातून फिरायची. मोताळ्याच्या बाजारात एकदा एका मिस्त्रीला समोरून येणाऱ्या दुसऱ्या मिस्त्रीनं फक्त विचारलं, चिवडा कसा दिला? पहिल्यानं त्याच महिन्यात बदली मागितली. म्हणून प्रत्येक मिस्त्रीची रीत एकच: चिवडा निघाला की फेकायचा, पेटीत तेवढी जागा मोकळी सोडायची आणि ठोकळ्यावर लिहायचं, 'गेला'. म्हणजे कोर नळीतून निसटला, खालीच राहिला. यात थोडी लाज झाकली जायची आणि फार खोटंही नसायचं. दुसऱ्या दगडानं ती जागा भरण्याचं काम मात्र धरणावर मी कधी केलं नाही. धरणाच्या खाली गाव असतं.

लोणारला धरण नव्हतं.

भाटे साहेब पुण्याच्या एका कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवत. अंगानं इतके किडकिडीत की वाऱ्याच्या दिवशी आम्ही त्यांना कड्याजवळ जाऊ देत नसू. सगळ्यांना अहो-जाहो. आमच्या इंजिनालासुद्धा. सकाळी येऊन करीमभाईला विचारायचे, "आज चालू होतील का हे?" करीमभाई म्हणजे आमचा इंजिनवाला, वडनेर भोलजीचा, घराणं लोहाराचं. तो आदबीनं सांगायचा, "आंघोळ करून राह्यले साहेब, येतीनच."

साहेबांच्या तंबूत खांबाला एक फोटो टाचलेला होता. तेव्हा चंद्रावर माणसं नुकतीच जाऊन आली होती आणि जो तो चंद्राबद्दल बोलत होता. पण हा फोटो चंद्राच्या कुठल्या देखण्या भागाचा नव्हता. एक मोठं गोल विवर, तेही पार झिजलेलं. काठ ढासळलेला, एका बाजूला तर काठच नाही, मधे भर पडलेली, आणि सगळ्या अंगावर बारीक बारीक खड्डे. जुन्या परातीवर दोन पिढ्यांनी भाकऱ्या थापल्या आणि तिसऱ्या पिढीनं ती गुरांना पाणी पाजायला घेतली, तसं.

मी विचारलं, तिथं वारा नाही, पाऊस नाही, मग हे झिजलं कशानं?

साहेब खूश झाले. हा प्रश्न त्यांना कॉलेजात कोणी विचारला नव्हता म्हणे. त्यांनी मला समजावलं की वरून सतत लहान-मोठे दगड पडत राहतात, प्रत्येक दगड थोडा थोडा काठ उडवतो, आणि असं कोट्यवधी वर्षं चालतं. हे विवरसुद्धा तसाच एक मोठा दगड आदळून झालेलं, पण आता इतकं झिजलंय की नुसतं बघून काहीजण ते आदळून झालं हेच मानत नाहीत. म्हणतात, ज्वालामुखी असेल. लोणारबद्दलही तोच वाद. काही शास्त्रज्ञ म्हणत ज्वालामुखी, भाटे साहेब म्हणत आभाळातून पडलेला दगड. गावात तिसरं मत होतं, दैत्याचं, आणि ते दोन्हींपेक्षा जुनं होतं. साहेब म्हणाले, "त्या म्हाताऱ्या विवराच्या पोटात काय आहे ते बघायला आपलं मशीन तिथे जाणार नाही. म्हणून त्याच्या नातवाच्या पोटात बघायचं."

मी करीमभाईला सांगितलं की आपण चंद्राच्या नातवाला भोक पाडून राह्यलो. करीमभाई म्हणाला, "भत्ता कोन्ता लागू होईन मंग?"

पोटात काय असायला हवं, ते मात्र साहेबांनी आम्हाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "जे निघेल ते नीट ठेवा, मिस्त्री." आणि कॉलेजच्या परीक्षा होत्या म्हणून अकरा दिवसांसाठी पुण्याला गेले.

'नीट' हा शब्द मी माझ्या लाइनीप्रमाणे घेतला.

आधी गाळ लागला. त्या गाळाचा वास मी वर्णन करू शकतो, पण दिवाळीचा फराळ समोर ठेवून वाचणाऱ्यांचा विचार करायला हवा. तळ्याचं पाणीही तसंच, सोड्याचं. त्यात धोतर धुतलं तर साबण लागत नाही, आणि चौथ्यांदा धुतलं तर वाळत घालायला दोरी लागत नाही. गाळ संपला आणि दगड लागला. मी मिशीला पीळ दिला, नळी वर ओढली आणि पेटीत रिकामी केली. चिवडा.

दुसरी नळी, चिवडा. तिसरी, चिवडा. बोटाएवढा एक तुकडा सापडला तर गडी तो एकमेकांना दाखवायला लागले. मी मशीनचा वेग कमी केला, जास्त केला, कडं बदललं, नारळ फोडला. अखंड दगडाच्या या वऱ्हाडात, जिथं विहीर खणायची तर सुरुंग लावावा लागतो, तिथं माझ्या नळीत खडी येत होती. चौदा वर्षांत कमावलेलं नाव मला त्या भोकातून खाली जाताना दिसायला लागलं. त्यातच निरोप आला की आमच्या खात्याचे मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. मोठे साहेब म्हणजे तेच, ज्यांनी मागच्या धरणावर माझे मुळे बघून माझ्या पाठीवर थाप मारली होती. ती थाप मी घरी जाऊन सगळ्यांना दाखवली होती.

'गेला' लिहायचं म्हटलं तर पंधराच्या पंधरा पेट्यांत फक्त ठोकळे राहिले असते. सुताराचं दुकान दिसलं असतं.

आता, तळ्यात मशीन उतरवण्याआधी आम्ही वर कड्यावर, कॅम्पाजवळ, मशीन तपासायला एक भोक मारलं होतं. तिथला काळा दगड असा निघाला होता की पाहत राहावं. हातभर लांब मुळे, वर पॉलिश केल्यासारखे. त्या भोकाची नोंद कुठंच नव्हती. मी गड्यांना सांगितलं, त्या पेट्या खाली आणा. चारशे-साडेचारशे फुटांचा उतार, डोक्यावर दगडाच्या पेट्या. दोन दिवस लागले. खऱ्या कामाला आम्ही इतके कष्ट कधी घेतले नव्हते.

करीमभाई इंजिन पुसत बघत होता. म्हणाला, "मिस्त्री, वरचा गोटा खाली कसा काय जाईन?"

मी म्हणालो, "खालचा वर येऊन राह्यला न? मंग वरचा खाली जाईन."

"मले काय," करीमभाई म्हणाला, "मी तं इंजिनवाला हाव."

खोटा दगड पेट्यांत मांडला, शेजारी ठोकळे ठेवले, ठोकळ्यांवर माझ्या हातानं फूट लिहिले. आणि खरा चिवडा? काठावर घोट्याइतका चिखल होता, साहेब आले की त्यांची चप्पल रुतायची. मी सगळा चिवडा तिथं टाकून दहा पावलांची छान पायवाट करून घेतली. साहेबांची सोय झाली.

आता सुरुवातीला साहेब कशावर बसले ते वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला अजून दोन दिवस लागले.

त्या संध्याकाळी साहेब जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. करीमभाईनं त्यांच्यासाठी खिचडी केली, तर म्हणाले, "तुम्ही घ्या." मग त्यांनी मला तंबूत बोलावलं आणि फोटोसमोर उभं केलं. त्यांनी सांगितलं की आभाळातून एवढा दगड आदळला तर खालचा दगड खोलवर फुटून त्याचा चुरा होतो. काठ झिजेल, खड्डा भरेल, वरचं सगळं पुसून जाईल. पण आतला चुरा आतच राहतो. तोच पुरावा. ज्वालामुखीच्या खाली तसा चुरा नसतो. नऊ वर्षं ते हे लिहीत होते आणि नऊ वर्षं मोठमोठे लोक त्यांना विचारत होते, चुरा दाखवा. मोठ्या खटपटीनं त्यांना एक मशीन, एक मिस्त्री आणि एक भोक मिळालं होतं. पुढच्या महिन्यात कलकत्त्याला विद्वानांची सभा होती. तिथं चुरा घेऊन जायचं ठरलं होतं.

"तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही," साहेब म्हणाले. "मला काय हवंय ते कळलं असतं, तर कळत-नकळत तुम्ही तेच काढून दाखवलं असतं. म्हणजे मग पुराव्याला काय अर्थ?"

मी फोटोकडे बघत राहिलो. त्या झिजलेल्या विवरात जागा असती तर मी तिथं जाऊन बसलो असतो.

साहेबांनी टेबलावरचं पाकीट उचललं. मी दुसऱ्या दिवशी डिझेल आणायला मेहकरला जाणार होतो, तेव्हा ते पोस्टात टाकायचं होतं. पत्र इंग्रजीत होतं, पण साहेबांची सभ्यता अशी की माझा उल्लेख आहे म्हणून त्यांनी ते मला मराठीत वाचून दाखवलं. लिहिलं होतं की माझं म्हणणं चुकीचं होतं असं आता मला वाटतं, सभेत मी निबंध वाचणार नाही. आणि पुढे लिहिलं होतं की हे काम अत्यंत कुशल मिस्त्रीनं केलं असून कोरबद्दल शंका घेण्यास जागा नाही.

माझ्या कामाबद्दल इंग्रजीत लिहिलेलं ते पहिलं आणि शेवटचं वाक्य.

सकाळी मी पाकीट खिशात घालून चढ चढलो. त्या चढाला मला एरवी वीस मिनिटं लागत. त्या दिवशी मी इतका वेळ घेतला की माझ्यामागून निघालेली दोन गुरं माझ्यापुढे गेली, वर चरली आणि परत उतरली. वर ट्रक उभा होता. करीमभाई आधीच आत बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो, ट्रक सुरू करायला सांगितलं नाही, आणि पत्रात काय आहे ते त्याला सांगितलं.

करीमभाईनं समोरच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाला, "माह्या बापानं एकडाव कच्चा फाळ इकला होता. गिऱ्हाइकाले माहीतच नाई पडलं. त्यानं फाळ वापस आनलाच नाई, शेती इकून टाकली. म्हने आपली जमीनच लय कठीन हाय."

"मंग?"

"मंग काय? बाप मरेपर्यंत त्या शेताच्या रस्त्यानं नाई गेला." त्यानं ट्रकची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "मेहकरले जायाचं असंन तं तुमीच चालवा, मिस्त्री. मले येत नाई."

करीमभाई तो ट्रक सात वर्षं चालवत होता.

मी ट्रकमधून उतरलो आणि परत खाली तळ्याशी गेलो. साहेब पायवाटेवर उभे राहून पाण्याकडे बघत होते. मी जवळ जाऊन पाकीट त्यांच्यापुढे धरलं. त्यांना वाटलं तिकीट लावायचं राहिलं. मी रात्रभर एक भाषण तयार केलं होतं. त्यात माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीचा, मोठ्या साहेबांच्या थापेचा आणि माणसाच्या कमजोरीचा उल्लेख होता. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"साहेब," मी म्हणालो, "पेट्यांतला गोटा वरच्या भोकाचा हाय. खालचा सारा चिवडा निंघाला होता. मले लाज वाटली."

साहेबांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "आणि तो चुरा कुठे आहे?"

"तुमी उभे हा न, त्याच्यावर."

ते ओरडतील म्हणून मी वाट बघितली. माकडांनीही बघितली. साहेबांनी पायांकडे पाहिलं. वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि पायवाटेवरून बाजूच्या चिखलात उतरले. घोट्यापर्यंत रुतले. त्यानंतर जितके दिवस ते लोणारला होते तितके दिवस चिखलातूनच चालले.

दुपारपर्यंत त्यांनी भिंगातून एकेक खडा बघितला. काही खडे कपाळाला लावतात की काय असं वाटावं इतक्या जवळ धरले. मग उठून म्हणाले की हेच आहे, पण याचा उपयोग नाही. कुठला तुकडा किती खोलीवरचा ते आता कोणी सांगू शकणार नाही. विद्वान लोक म्हणतील, ही वाटेवरची खडी आहे, आणि ती आहेच. मशीनला किती दिवस उरलेत?

चार. पाचव्या दिवशी मशीन धरणावर जाणार होतं आणि त्याआधी मोठे साहेब येणार होते.

आम्ही पहिल्या भोकाशेजारी दुसरं भोक सुरू केलं. आणि इथं मला माझ्या धंद्याबद्दल एक गोष्ट कळली, जी चौदा वर्षांत कळली नव्हती. अखंड दगड कोणीही काढतो. दगडच तुम्हाला मदत करतो, आपणहून नळीत उभा राहतो. चिवडा वर आणायचा म्हणजे मात्र कसब. नळी उचलली की तो खालच्या तोंडातून गळून जातो. पाणी जास्त सोडलं की बारीक भुगा वाहून जातो, आणि साहेबांना भुगासुद्धा हवा होता. मी एका वेळी दहा फूट कापणारा माणूस, तिथं फूट-फूट कापायला लागलो. आणि प्रत्येक फुटाच्या शेवटी एक जोखमीची गोष्ट करायची: पाणी बंद. कडं क्षणभर कोरडं फिरवायचं, म्हणजे तळाचे तुकडे तापून, चेपून नळीच्या तोंडात बूच बसवल्यासारखे अडकतात. मग वर ओढायचं. पण क्षणाच्या जागी दोन क्षण झाले की हिऱ्याचं कडं जळून जातं, आणि ती कडी माझ्या सहीनं घेतलेली होती.

पाणी कधी सोडायचं ते करीमभाई इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा. डोळे मिटून बसायचा. "रडून राह्यलं... रडून राह्यलं... सोडा." चार दिवस आम्ही दोघं दुसरं काही बोललो नाही. एरवी मी बोललो नाही असे चार दिवस माझ्या आयुष्यात नाहीत. बायको म्हणते, चार तासही नाहीत. साहेब पेटीपाशी चिखलात उकिडवे बसून प्रत्येक फुटाचा चिवडा, भुग्यासकट, कापडाच्या पट्टीवर उतरवून घेत होते, बाळंतिणीच्या खोलीत सुईण बसते तसे. फूट झाला की मी ठोकळ्यावर आकडा लिहायचो आणि साहेब तो मोठ्यानं वाचायचे.

तिसऱ्या दिवशी एक कडं जळलं. चूक करीमभाईची नव्हती. तो 'सोडा' म्हणाला होता, आणि मी नळीतून येणाऱ्या खडखडीकडे इतका कान लावून होतो की ऐकलंच नाही. दुसरं कडं लावलं आणि पुढे गेलो.

चौथ्या दिवशी दुपारी मोठे साहेब आले. रुमाल नाकाला लावून उतरले, पेट्यांपाशी थांबले आणि बघत राहिले. नऊ पेट्या, काठोकाठ चिवडा, एकाही तुकड्याची लांबी वीतभर नाही. शेजारी जळलेलं कडं. त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

मी काही म्हणायच्या आत भाटे साहेब म्हणाले, "यांनी." आणि इतक्या प्रेमानं माझ्याकडे बोट दाखवलं की मोठ्या साहेबांचा गैरसमज आणखी वाढला.

मोठ्या साहेबांनी शेऱ्याची वही मागवली आणि उभ्या उभ्या लिहिलं: संपूर्ण कोर चुरा. पहिल्या फुटापासून शेवटच्या फुटापर्यंत एकही अखंड तुकडा नाही. माझ्या सबंध नोकरीत इतका फुटलेला कोर पाहिलेला नाही. काम अत्यंत निकृष्ट.

भाटे साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी मोठ्या साहेबांना नमस्कार करून या शेऱ्याची सही-शिक्क्यासह नक्कल मिळेल का असं विचारलं. सरकारी अभियंत्यानं स्वतः पाहून लेखी दिलेलं आहे, कलकत्त्याला फार उपयोग होईल. मोठे साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, यांना उन्हाचा त्रास झालाय का? मी म्हणालो, पुण्याचे आहेत, साहेब.

नक्कल मिळाली. कलकत्त्याला चिवडाही गेला आणि शेराही गेला. सभेत काही लोकांनी मानलं, काहींनी मानलं नाही, पण चुरा दाखवा असं त्यानंतर भाटे साहेबांना कोणी म्हणालं नाही. मला जळलेल्या कड्याबद्दल खुलासा मागणारं पत्र आलं. मी दोन पानं भरून चंद्रापासून सुरुवात केली. उत्तर एका ओळीचं आलं, खुलासा असमाधानकारक, आणि माझी बढती तीन वर्षं पुढे गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्याबद्दलचा तो शेरा मी घरी कोणाला दाखवला नाही, एवढंच.

मला खंत वेगळीच राहिली. निघायच्या दिवशी चिवड्याच्या पेट्या ट्रकमध्ये चढवून झाल्या होत्या. साहेब प्रत्येक पेटीची दोरी स्वतः ओढून बघत होते. मी तोवर पुरता निर्ढावलो होतो, पण एक गोष्ट मला पाच दिवस खात होती, ती विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. साहेब दगडांचं शास्त्र शिकवतात. दगडाच्या नुसत्या वासावरून तो कुठला ते सांगतात. नऊ वर्षं ज्या चुऱ्याची वाट बघितली, त्याच्या जागी अखंड दगड समोर आला. ओरडले, जेवले नाहीत, स्वतःविरुद्ध पत्र लिहिलं. पण हा दगड इथला नसेलच, मिस्त्रीनं काहीतरी केलं असेल, असं त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. मी म्हणालो, "साहेब, एवढे शिकले तुमी. माह्यावर शक काऊन नाई घेतला?"

साहेब दोरीची गाठ बांधत होते. ती बांधून झाल्यावर म्हणाले, "ठोकळ्यावर तुमचं अक्षर होतं."